पांढऱ्या कापूरची सात पिल्लं

१

सात पिल्लांपैकी चारांच्या माना उलट्या फिरत होत्या, आणि त्याचं खापर पंचफुलामावशीच्या डोक्यावर फुटलं होतं.

डॉक्टर महामाया सोनकांबळेला हे कळलं तेव्हा ती लोह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एका म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून उभी होती. म्हशीचा मालक ज्ञानोबा याने फोन तिच्या कानाला धरला.

"पोरी, मी पंचफुला बोलून राहिले. लातूरहून. मला उद्या पोलीस ठाण्यात बोलिवलंय. मी सापाच्या पिल्लांस्नी औषध घातलं म्हणत्यात."

"तू? सापांना?"

"हाव. भुकंपात अकरा तास मातीखाली होते, तवा मेले न्हाई. आता ह्या वयात चोरासारखं ठाण्यात जाऊन बसायचं का?"

मावशीचा आवाज कधी कापत नसे. आज कापत होता. महामायाने रेडकू ओढून काढलं, हात धुतले, रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि अहमदपूरमार्गे लातूरचा रस्ता धरला.

त्र्याण्णवच्या त्या पहाटे पंचफुला सुरवसेचा नवरा लिंबाजी आणि सारं घर गेलं. सरकारने वसवलेल्या नव्या गावात तिचं मन रमेना, म्हणून ती लातूरला आली आणि औसेकरांच्या क्लासच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. पुढे क्लासेसचं पेव फुटलं. गावागावांतून मुली डॉक्टर व्हायला लातूरला येऊ लागल्या, आणि त्यांच्यातलीच एक महामाया होती. बारावीच्या परीक्षेआधी तिला टायफॉइड झाला, तेव्हा मावशीने आठ दिवस उशाशी बसून तिला पेज पाजली होती आणि तिच्याच पुस्तकातले प्रश्न अडखळत वाचून तिची उजळणी घेतली होती. महामाया डॉक्टर झाली त्यात त्या आठ दिवसांचा वाटा किती, हे तिचं तिला ठाऊक होतं.

थोरले औसेकर सर वारले. मुलगा मिहीर याला क्लासपेक्षा सापांचं वेड. त्याने वसतिगृहाचा वरचा मजला घेऊन तिथे परदेशी अजगरांची पैदास सुरू केली. बॉल पायथन म्हणतात त्यांना. दोन-तीन हात लांब, विष नाही, घाबरले की चेंडूसारखे गोल होतात. हौशी लोक पाळतात. मिहीरने आपल्या जनावरांची सरकारदरबारी रीतसर नोंद केली होती. त्यांची झाडलोट आणि खाणंपिणं बघायला माणूस मिळेना, तेव्हा पंचफुलामावशीच पुढे झाली. तिला सापांची भीती नव्हती.

इमारतीच्या दारात मिहीरची बायको भार्गवी भेटली. क्लासमध्ये जीवशास्त्र तीच शिकवायची. हातात खडू तसाच होता.

"तुम्ही मावशींसाठी आलात ना? या," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाली, "खरं सांगू? ती पिल्लं एकदाची सगळी मेली असती तर मी पेढे वाटले असते."

२

वरच्या मजल्यावर उबदार अंधार होता. भिंतीला लावलेल्या फळ्यांवर प्लास्टिकचे खण, प्रत्येक खणात एक जनावर. मिहीर दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेला. त्याच्या शेजारी त्याचा भागीदार गंधार देगलूरकर उभा होता. नांदेडचा, नीटनेटका, बोलायला गोड.

"डॉक्टर, मला पंचफुलाबाईंवर आळ घ्यायचा नव्हता," मिहीर म्हणाला. "पण तुम्हीच बघा."

त्याने खण ओढला. पिल्लू दुधासारखं पांढरं, डोळे निळसर. ते पुढे सरकायला निघालं आणि त्याची मान स्क्रूसारखी वळत गेली. हनुवटी आकाशाकडे. ते थांबलं, थरथरलं, पुन्हा सरळ झालं, पुन्हा वळलं. महामायाला क्षणभर बघवेना.

"सातही पांढरीच?"

"आई चांदणी पांढरी, बाप कापूर पांढरा. या जातीत दोघं पांढरे असले की पिल्लं सगळी पांढरीच होतात," मिहीर म्हणाला. "हीच जोडी दोन वर्षांपूर्वी लावली होती. सहा पिल्लं झाली, सहाही ठणठणीत. अजून ज्यांच्याकडे आहेत ते फोटो पाठवतात. आपल्याकडची जनावरं अशी मान फिरवत डोलत नाहीत, हेच तर आपलं नाव होतं."

"या वेळी अंडी फुटली तेव्हा तुम्ही इथे होतात?"

"नाही. आईला पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. जुलैच्या शेवटी गेलो तो सप्टेंबर संपताना परतलो. सगळं गंधारने सांभाळलं."

गंधार पुढे आला. "बारा ऑगस्टला अंडी फुटली, माझ्या डोळ्यांसमोर. सातही बाणासारखी सरळ होती. महिनाभर काही नव्हतं. मग सप्टेंबरच्या शेवटी चार डोलायला लागली. आणि हे पंचफुलाबाईंच्या कपाटात सापडलं."

त्याने गोचीड मारायच्या औषधाचा फवारा तिच्यापुढे धरला. कुत्र्यांना, गुरांना मारतात तो. सापाच्या नाकात गेला तर त्याची नस न् नस आखडते, हे महामायाला माहीत होतं. तिने डबा हातात घेतला, फिरवून तळ पाहिला, मग आजच ठाण्यात जमा करायला सांगून परत दिला.

"कपाटात कुणी शोधलं?"

"मीच."

"कुलूप होतं?"

"बायकांच्या कपाटाला कसलं कुलूप, डॉक्टर!" गंधार हसला.

महामायाने डोलणारं एक पिल्लू उचललं आणि बोटांना गुंडाळू दिलं. त्याने अशी घट्ट मिठी मारली की बोटं पांढरी पडली. दुसरं, तिसरं, चौथं. चारांचीही पकड लोखंडी. तोंडात लाळ नाही, अंगात ढिलेपणा नाही, वजन चांगलं भरलेलं. उरलेली तीन तिने तशीच तपासली. तीही तशीच धडधाकट, फक्त त्यांची मान सरळ.

"यांचे खण कोणत्या क्रमाने होते?"

"एकच मोठा खण होता," मिहीर म्हणाला. "पहिले सहा आठवडे सातही एकत्र होती. डोलणं दिसल्यावर मी वेगळी केली."

महामायाने त्याच्याकडे नीट पाहिलं. एकच खण, एकच हवा, एकच फवारा. चार बाधली, तिघांना तर शिंकही आली नाही. आणि बाधलेल्यांची ताकद तसूभर कमी झाली नाही.

विष असं निवडून चढत नाही.

पण मग मावशीच्या कपाटात तो डबा कुणी ठेवला?

३

पंचफुलामावशी गच्चीच्या जिन्यावर बसली होती. पदर कमरेला खोचलेला, हात मांडीवर, जणू कुणी उठवेपर्यंत ती तिथून हलणार नव्हती.

"मावशी, मला पहिल्यापासून सांग. पिल्लं कधी डोलायला लागली?"

"पहिल्या घडीपासून. अंड्यातून डोकं भाईर काढलं तवाच एकाचं तोंड वर अन् टाळू खाली. म्या गंधारसाहेबांना म्हणलं, ह्ये पिल्लू उलटं पाहून राहिलंय. ते म्हणले, नवं हाय, शिकंल. मिहीरदादाला फोन करू नका, त्यांची आई आजारी हाय."

"तो तर म्हणतो सातही सरळ होती."

"मंग म्या आंधळी हाय का?" मावशी उसळली. मग तिचा आवाज खाली आला. "माझं कोण ऐकणार, पोरी. मी झाडणारी बाई."

"मी ऐकते. कापूरचं सांग. त्याच्यात काही फरक पडला होता?"

मावशीने मान वर केली. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

"पडला की. मागल्या दिवाळीनंतर हितं छत गळत होतं म्हणून डागडुजी काढली. कापूरला पंधरा दिवस गंधारसाहेबांनी नांदेडला नेलं, आपल्या फ्लॅटात. परत आणलं तवा पिशवीचं तोंड सोडलं अन् म्या शिंकून शिंकून बेजार. मिरचीचा खकाणा! डोळ्यांतून पाणी. म्हणलं फ्लॅटात मिरच्या कांडून राहिले का काय."

"आणि साप?"

"आधी कापूर उंदीर एका झटक्यात धरायचा. आल्यापासून पहिल्यांदा चुकतो. बाजूला तोंड मारतो, मंग दुसऱ्यांदा धरतो. लई थोडं, बघणाऱ्यालाच कळंल. गंधारसाहेब म्हणले, म्हातारा झाला."

महामायाने मनात तारखा जुळवल्या. कापूरची चांदणीशी जोडी लावली ती डागडुजीनंतर. म्हणजे नांदेडहून परत आल्यावर.

"मावशी, कापूरने टाकलेल्या काती फेकून देतेस का?"

"फेकू कशापायी? मिहीरदादानं पहिल्या दिवशीच सांगितलं, कात जपा, तारीख लिवा."

तिने एक जाड वही आणली. पानापानावर कापूरची कात चिकटपट्टीने लावलेली, पोटाची बाजू वर. शेजारी चौथी शिकलेल्या हाताने काढलेल्या तारखा, एकही गाळलेली नाही. महामायाने पर्समधलं भिंग काढलं आणि दिवाळीआधीच्या कातीवर धरलं. पोटाखालचे रुंद खवले पट्ट्यांसारखे ओळीने होते. शेपटीच्या बाजूने मोजत गेलं की अकरावा खवला मधोमध चिरलेला, जन्मखुणेसारखा. त्याच्या आधीच्या कातीतही तोच. त्याच्याही आधीच्या कातीत तोच. तिने पानं मागे नेली. तीन वर्षांच्या चौदा काती, चौदाही ठिकाणी अकरावा खवला चिरलेला.

मग तिने डागडुजीनंतरचं पहिलं पान उलटलं.

अकरावा खवला अखंड होता. पुढच्या पानावर अखंड. त्याच्या पुढच्याही.

खवल्यांचा घाट सापाच्या जन्मापासून ठरलेला असतो. कात बदलते, घाट नाही.

"काय झालं, पोरी? काय दिसलं?"

"मावशी," महामाया हलक्या आवाजात म्हणाली, "ही वही उशाशी घेऊन झोप. कुणालाही दाखवू नकोस."

४

सकाळी ती भार्गवीला भेटली. दसऱ्याच्या सुट्टीमुळे वर्ग रिकामे होते.

"काल तुम्ही पेढ्यांचं बोललात."

भार्गवी ओशाळली. "मला त्या मजल्यावर मुलींसाठी अभ्यासिका हवी आहे. पन्नास मुली जिन्यात बसून वाचतात. रागाने बोलले. पण औषध वगैरे घालायला मला त्या खोलीत पाऊल तरी टाकता यायला हवं. मी दारातूनच परत येते."

"दारात कधी उभ्या राहिला होतात?"

"एकदाच. अंडी फुटली तेव्हा. सरपटणाऱ्यांच्या अंड्यांचा धडा चालू होता, म्हटलं मुलींना खरं काहीतरी दाखवावं. दारातून फोनवर चित्रफीत काढली. वर्गात दाखवली आणि विसरून गेले."

महामाया पुढे झुकली. "अजून आहे?"

भार्गवीने फोन चाळला. बारा ऑगस्ट, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. मऊ कवच चिरून एक पांढरं डोकं बाहेर आलं, हललं आणि हळूहळू उलटं झालं. शेजारच्या अंड्यातलं दुसरंही. मागून पंचफुलामावशीचा आवाज स्पष्ट येत होता, "साहेब, ह्ये बघा की, उलटं पाहून राहिलंय!" आणि एक पुरुषी आवाज, "असू द्या, शिकेल ते."

भार्गवीने दोनदा बघितलं. मग तिचे डोळे मोठे झाले. ती शिक्षिका होती, तिचं डोकं पुढे धावलं होतं. "डॉक्टर, म्हणजे हे जन्मजात आहे. सातांत चार... हे तर मी दर वर्षी फळ्यावर शिकवते!"

"आज पण शिकवा," महामाया म्हणाली. "चार वाजता. मी फौजदारांना इथेच बोलावते."

"आणि गंधारने हे नाकारलं तर?"

"नाकारेलच," महामाया म्हणाली. "मी त्याचीच वाट बघतेय."

५

चार वाजता तळमजल्याच्या वर्गात सहा माणसं जमली. मुलींच्या बाकांवर मिहीर आणि गंधार. खिडकीपाशी फौजदार मलप्पा बिराजदार, पोट सुटलेले पण नजर तिखट. शेवटच्या बाकावर पंचफुलामावशी, मांडीवर कापडात बांधलेली वही. फळ्यापाशी भार्गवी आणि महामाया.

"मी गुरांची डॉक्टर आहे," महामाया म्हणाली. "परदेशी साप मी फार तपासलेले नाहीत. काल रात्री वाचून काढलं तेवढंच मला येतं. पण विषाने आजारी पडलेलं जनावर मी रोज बघते. ही पिल्लं आजारी नाहीत. त्यांची पकड बघा. एका खणातली सात पिल्लं, त्यातल्या तिघांना काहीच नाही. हे औषधाचं काम नव्हे."

"मग काय?" बिराजदारांनी विचारलं.

"या अजगरांमध्ये स्पायडर नावाचा एक प्रकार आहे. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. दिसायला सुंदर, म्हणून लोकांनी मुद्दाम पैदास केली. पण ज्या गुणाने नक्षी येते त्याच गुणाने तोल जातो. नक्षी आली की डोलणं आलंच. कुणात इतकं थोडं की दिसत नाही, कुणात मान उलटी होईल इतकं."

"पण आमच्याकडे एकही स्पायडर नाही!" मिहीर उठून उभा राहिला. "आणि पिल्लं तर पांढरी आहेत. नक्षी कुठे आहे?"

"पांढऱ्या रंगाखाली. भिंतीला चुना दिला की खालचं चित्र दिसतं का?"

मिहीर हळूच खाली बसला. त्याला हे माहीत होतं, फक्त स्वतःच्या घरात ते शक्य वाटलं नव्हतं.

"डॉक्टर छान गोष्ट सांगतात," गंधार शांतपणे म्हणाला. "पण जन्मजात असतं तर जन्मापासून दिसलं असतं. पिल्लं महिनाभर सरळ होती. मी होतो तिथे."

महामायाने भार्गवीकडे पाहिलं. भार्गवीने फोन पडद्याला जोडला. दोन उलट्या माना भिंतभर मोठ्या दिसल्या आणि वर्गभर आवाज घुमला, "असू द्या, शिकेल ते."

मिहीरने वळून गंधारकडे पाहिलं. "हा तुझा आवाज आहे."

गंधार डगमगला नाही. "बरं, मी विसरलो असेन. मिहीर, तू त्या काळात टेन्शनमध्ये होतास, म्हणून बोललो नाही. पण याचा अर्थ इतकाच की बाईंनी औषध आधी मारलं. अंड्यांवरच मारलं! अंडी बाईच बघत होत्या. त्याच डब्याने मारलं."

"त्याच डब्याने? नक्की?"

"नक्की. दुसरा डबा या इमारतीत नाही."

"फौजदारसाहेब, डबा तुमच्याकडे आहे ना? तळाला काय छापलंय ते वाचता?"

बिराजदारांनी पुराव्याच्या पिशवीतून डबा न काढता तसाच उलटा केला आणि डोळे बारीक करून वाचलं. "उत्पादन, सप्टेंबर दोन हजार बावीस."

"अंडी फुटली बारा ऑगस्टला," महामाया म्हणाली. "सप्टेंबरात बनलेलं औषध मावशींनी ऑगस्टात कसं मारलं?"

मग शेवटच्या बाकावरून पंचफुलामावशीचा हुंकार आला. "हाव!" बस, एवढाच.

"डबा कुणीतरी नंतर ठेवला," बिराजदार म्हणाले आणि त्यांनी खुर्ची दारासमोर ओढून घेतली. "पुढं सांगा, डॉक्टर."

भार्गवीने खडू उचलला. दर वर्षीच्या सवयीने तिचा हात फळ्यावर चालू लागला. "आईबापांपैकी एकात हा गुण असेल तर पिल्लांत सरासरी निम्म्यांना येतो. सातांत चार, बरोबर जुळतं. आता मागची सहा पिल्लं. तेव्हाच्या चांदणीत किंवा कापूरमध्ये हा गुण असता, तर सहाही निरोगी निघण्याची शक्यता चौसष्टात एक. म्हणजे तेव्हाचे दोघेही शुद्ध होते, असंच मानायला हवं."

"पण जोडी तीच आहे!" मिहीर म्हणाला.

"नाही," महामाया म्हणाली. "चांदणी या खोलीतून कधी बाहेर गेली नाही. कापूर गेला होता. मावशी, वही."

पंचफुलामावशी उठली. बाकांमधून चालत आली आणि वही टेबलावर उघडून तिनेच बोट ठेवलं. रात्रभर तिने स्वतःही मोजलं होतं. "ह्यो अकरावा खवला. फाटका. ह्यो बी फाटका. चौदा काती, चौदा बारी. अन् ही छत दुरुस्त केल्यानंतरची. बघा. साबूत. तवापासून सगळ्या साबूत."

मिहीरने भिंग घेतलं. तीन पानं पाहिल्यावर त्याने भिंग खाली ठेवलं.

"वर आहे तो कापूर नाही," तो म्हणाला. "माझा कापूर कुठे आहे, गंधार?"

"पांढरा साप पांढऱ्यासारखा असतो, मिहीर. एका अडाणी बाईच्या वहीवर..."

"अडाणी कुणाला म्हणतोस?" भार्गवीचा आवाज चाबकासारखा आला. "नोंदणीतला फोटो कुणीही काढला असता तरी त्यावरून हे कळलं नसतं. कळलं ते या वहीवरून."

"साप तुम्ही नांदेडच्या फ्लॅटमध्ये ठेवला होता ना?" महामायाने विचारलं.

"हो. पंधरा दिवस."

"फ्लॅटमधून आलेल्या पिशवीत मिरचीचा खकाणा कसा? मावशींना शिंका आवरेनात. तुमच्या वडिलांचा धर्माबादला मिरचीचा व्यापार आहे, मिहीरनेच सांगितलं मला. फौजदारसाहेब, तिथल्या गोदामात एक उबदार खोली असेल असं मला वाटतं."

गंधार उठला. दारासमोर बिराजदारांची खुर्ची होती, आणि खुर्चीत बिराजदार.

"बसा की," ते म्हणाले. "धर्माबादला फोन लागेपर्यंत चहा घेऊ."

६

गोदामात खोली होती. पोत्यांच्या थप्प्यांमागे, माळ्यावर. तिथे सोळा खण निघाले आणि त्यांतल्या एकात पांढरा, थोराड, निळ्या डोळ्यांचा साप. दुसऱ्या दिवशी पंचांसमोर महामायाने त्याला हातावर उताणं घेतलं आणि शेपटीकडून खवले मोजले. नऊ, दहा, अकरा. अकरावा मधोमध चिरलेला.

मिहीर भिंतीला टेकून रडला.

गंधारने कबूल केलं ते सगळं एका दमात. शुद्ध वाणाचा पांढरा नर ज्याच्याकडे, त्याच्याकडे उद्याचा सगळा धंदा. त्याला स्वतःचा धंदा हवा होता. डोलणारा म्हणून कुणीतरी स्वस्तात टाकलेला पांढरा नर त्याने कापूरच्या जागी आणून ठेवला. त्याचं डोलणं इतकं कमी होतं की कुणाला कळणार नाही अशी त्याची खात्री होती. पिल्लांच्या माना फिरल्या तेव्हा तो अडचणीत आला. मिहीर पुण्याहून परतायच्या आत कारण हवं होतं, आणि दोष द्यायला माणूस हवं होतं.

"मावशीच का?" महामायाने विचारलं.

"त्यांचं कोण ऐकेल असं वाटलं," तो म्हणाला.

मावशीला मागे बसवून मिहीरने गाडी लातूरकडे वळवली. मग म्हणाला, "ती चार पिल्लं. हौशी लोक म्हणतात डोलणाऱ्याला जिवंत ठेवू नये."

"मिहीरदादा," मागच्या सीटवरून मावशी म्हणाली, "ती माझ्या हातून खाऊन राहिलीत. समोरून उंदीर दाखवला की चुकत्यात. बाजूनं, तोंडाजवळ नेऊन धरला की बरोबर घेत्यात. जगत्यात ती. फकस्त त्यांची जोडी लावू नका. पुढच्यांच्या मागं ह्यो भोग कशाला?"

"नाही लावणार," मिहीर म्हणाला. "त्या चारांची नाही, आणि त्यांच्या बापाचीही नाही. आणि पैदास एका खोलीत आवरतो. बाकीचा मजला भार्गवीच्या अभ्यासिकेला."

ठाण्यात बिराजदारांनी कागद पुढे केला. "औसेकरांनी अर्ज मागे घेतलाय, मावशी. इथं सही करा अन् मोकळ्या व्हा."

पंचफुलामावशीने कागद घेतला आणि ओळीखाली बोट धरून सावकाश वाचला. मग तो टेबलावर परत ठेवला.

"मागं घेतला म्हंजी काय? उद्या कुणी बी म्हणंल, बाई पाया पडली म्हणून सोडून दिलं. अर्ज खोटा होता असं लिवा."

"मावशी, अर्थ तोच निघतो," हवालदार म्हणाला.

"न्हाई निघत. माझं माणूस गेलं, घर गेलं. नाव तेवढं ऱ्हायलं होतं. त्ये मी मागं घेतलेल्या अर्जात ठिवून जाणार न्हाई."

बिराजदारांनी टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि कागद मिहीरकडे सरकवला.

मिहीरने स्वतःच्या हाताने लिहिलं. त्याने दिलेला अर्ज खोट्या माहितीवर होता. पंचफुला लिंबाजी सुरवसे यांचा कोणताही दोष नाही. आळ त्यांच्यावर शहानिशा न करता घेतला गेला, याबद्दल तो त्यांची माफी मागतो. मावशीने ते वाचून घेतलं, मग मोठ्याने वाचायला लावलं, आणि मगच सही केली. नक्कल मागून घेतली. घडी न करता, दोन्ही हातांत धरून ती ठाण्याच्या पायऱ्या उतरली.

सुट्टी संपली होती. क्लासच्या आवारात मुलींचा गोंधळ चालला होता, आणि नीटच्या परीक्षेत पहिल्या आलेल्यांचे फोटो लावलेल्या मोठ्या काचेच्या फलकासमोर नेहमीसारखी गर्दी होती. मावशी त्या गर्दीत शिरली. मुली बाजूला झाल्या.

"मिहीरदादा, ह्यो कागद हितं लागंल."

मिहीरने किल्ली आणली, काच उघडली आणि फोटोंच्या ओळीत जागा केली. चार कोपऱ्यांना टाचण्या लावल्या. पुढच्या मुलींनी वाचायला सुरुवात केली, मागच्यांना सांगितलं, आणि कुणीतरी टाळी वाजवली. मग साऱ्या आवारात टाळ्या सुरू झाल्या. महामायाही वाजवत होती, आणि तिच्या शेजारी भार्गवी, खडूने माखलेल्या हातांनी.

पंचफुलामावशी दोन पावलं मागे सरकली, मान तिरकी करून कागद पाहिला आणि हात वर केला.

"अजून जरा वर घ्या," ती म्हणाली. "मागच्या पोरींस्नी दिसंना."